लांबच्या विमानप्रवासाला काय घालावे?

भोरला शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही हवेच्या दाबावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर नुकत्याच निवृत्त झालेल्या एका बाईंनी प्रश्न विचारला, "सर, पुढच्या महिन्यात मी मुलीकडे अमेरिकेला चालले आहे. सोळा तास विमानात बसायचे. काय नेसू?" सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि पटकन उत्तर देऊन टाकले, "सैलसर, सुती काहीही चालेल."

चार महिन्यांनी बाई परतल्या, तेव्हा त्यांनी प्रवासाची हकिकत सांगितली. त्यांनी आमचा सल्ला पाळून सुती साडी नेसली होती. विमानतळावर धावपळीत अंग घामाने भिजले आणि विमानात बसल्यावर हुडहुडी भरली. विमानातल्या अरुंद शौचालयात साडी सावरणे अवघड, म्हणून त्यांनी सोळा तासांत जेमतेम दोन पेले पाणी घेतले आणि जागेवरून एकदाच उठल्या. उतरताना पाय इतके सुजले होते की चप्पल चढेना. पुढे काही बिघडले नाही हे नशीब. पण आमचे उत्तर अपुरे होते, एवढे मात्र कळून चुकले.

आज भोर-वेल्ह्याच्या गावांतूनही मुले शिकून परदेशी जातात आणि मागोमाग आईवडील, कधी आजी-आजोबाही नातवंडांना भेटायला निघतात. तेव्हा बाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यात उष्णता, बाष्प, दाब आणि रक्ताभिसरण असे पाठ्यपुस्तकातले चार धडे एकत्र येतात. ते एकेक करून पाहू.

तापमान तेच, हवा वेगळी

वेल्हे (आता राजगड) तालुक्यातला आषाढ आठवा. तोरण्याच्या माथ्यावर ढग बसलेला, खाचरांत भाताची लावणी चाललेली. अशा दिवशी तापमापक साधारण २२ ते २३ अंश सेल्सिअस दाखवतो. लांब पल्ल्याच्या विमानाच्या आतले तापमानही बहुधा २२ ते २४ अंशांच्या घरात असते. तापमापकाच्या लेखी दोन्ही जागा सारख्याच. तरीही दोन्हीकडे एकच कपडे चालत नाहीत, कारण तापमापक हवेतल्या ओलाव्याबद्दल काही सांगत नाही.

आषाढात वेल्ह्याची सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे असते. २२ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १९ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. पावसाळ्यात त्यातले १७-१८ ग्रॅम भरलेलेच असतात. विमानात सापेक्ष आर्द्रता बहुधा १० ते २० टक्केच असते, म्हणजे एका घनमीटरात दोन ते चार ग्रॅम बाष्प.

हा कोरडेपणा कुठून येतो? विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते. तेथे बाहेरचे तापमान उणे ५० अंश किंवा त्याहूनही कमी असते. इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. हीच हवा आत घेऊन, दाबून आणि तिचे तापमान जुळवून प्रवाशांना पुरवली जाते. विमानात जो थोडा ओलावा असतो, तो बहुतांशी प्रवाशांच्या श्वासातून आणि त्वचेतून आलेला असतो.

दाबाचीही गोष्ट अशीच. विमानाच्या आतला दाब समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत. तो फार तर २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरू देतात. तोरण्याची उंची १४०३ मीटर आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे विमानातला प्रवासी दाबाच्या हिशेबाने कळसूबाईच्याही वर, तोरण्याहून सुमारे एक किलोमीटर उंच बसलेला असतो! अलीकडच्या काही विमानांत ही पातळी १८०० मीटरच्या आसपास ठेवतात, पण तीही कळसूबाईच्या वरच आहे.

ऊब कापड देत नाही, हवा देते

आता कपड्यांकडे वळू. स्वेटर गरम असतो असे आपण म्हणतो. पण स्वेटर उष्णता निर्माण करत नाही, ती शरीर करते. निवांत बसलेला प्रौढ माणूस शंभर वॉटच्या जुन्या दिव्याइतकी, म्हणजे सेकंदाला सुमारे १०० ज्यूल उष्णता बाहेर टाकतो. कपड्याचे काम ती उष्णता किती वेगाने निसटते हे ठरवण्याचे. हे काम धाग्यांपेक्षा धाग्यांमध्ये अडकलेली हवा जास्त करते. स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाणी तिच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून कोरडा कपडा ऊब देतो आणि तोच भिजला की अंग गारठवतो.

कपड्याची ऊब मोजण्याचे एकक आहे 'क्लो'. ते १९४१ साली गॅगे, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी सुचवले. २१ अंश तापमानाच्या, ५० टक्क्यांहून कमी आर्द्रतेच्या आणि जवळजवळ स्थिर हवेच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखावह वाटेल इतकी ऊब म्हणजे एक क्लो. ही व्याख्या वाचताना विमानाची आठवण होते. साधारण त्याच तापमानाची कोरडी हवा आणि स्वस्थ बसलेला माणूस! म्हणजे विमानात एक क्लोच्या आसपास ऊब लागते. अंगातला बनियन, पूर्ण बाह्यांचा सदरा, जाडसर पायजमा किंवा विजार, मोजे आणि वर कोट किंवा जाकीट इतक्यांची मिळून ती होते. नुसता पातळ सुती पोशाख तिथे अपुरा पडतो.

बाईंच्या साडीलाही सरसकट दोष देता येणार नाही. साडीची ऊब ती कशी नेसली यावर अवलंबून असते. माधवी इंद्रगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औष्णिक पुतळ्याला साडी, सलवार-कुर्ता, धोतर, लुंगी असे भारतीय पोशाख घालून त्यांची ऊब मोजली आणि २०१४ साली ते निष्कर्ष मांडले. पदर मोकळा सोडला की अंगाभोवती लपेटला, यावर त्याच साडीची ऊब बरीच बदलते असे त्यांना आढळले. आपल्या आज्यांना हे माहीत होतेच. थंडी वाजली की त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेत.

आणखी एक मुद्दा. माणूस झोपला की त्याची उष्णता-निर्मिती कमी होते. जागेपणी १०० वॉट असेल तर झोपेत ती सुमारे ७० वॉटवर येते. म्हणूनच जेवण होऊन दिवे मालवल्यावर प्रवाशांना थंडी वाजू लागते. विमानातले तापमान तेवढेच असते, चूल मात्र मंदावलेली असते. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे बरे. त्यांच्या मधल्या फटींत हवा अडकते आणि गरजेप्रमाणे एखादा काढता किंवा चढवता येतो.

घोंगडीकडून एक धडा

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मेंढरे राखणाऱ्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी असते. ती दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची असते. विणताना ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की माणूस तासन् तास उभा राहू शकतो. लावणी करणाऱ्याचे इरले किंवा आजचा प्लास्टिकचा कागद पाऊस अडवतो, पण घोंगडी पाऊस अडवून शिवाय ऊबही देते. ती ओलसर झाली तरी अंग गारठत नाही, ते कसे?

लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग खवलेदार असून तो पाण्याचे थेंब झटकतो. तंतूचा गाभा मात्र बाष्प शोषून घेतो. पूर्ण ओलसर हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा आत ठेवू शकते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. शिवाय वाफेचे पाणी होताना जशी उष्णता बाहेर पडते, तशीच बाष्प लोकरीत शोषले जातानाही पडते.

निरनिराळे तंतू किती ओलावा धरतात याची तुलना प्रयोगशाळेत ठरावीक हवेत करतात. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना १०० ग्रॅम कोरडी लोकर सुमारे १६ ग्रॅम ओलावा घेते. रेशीम ११ ग्रॅम, सूत ७ ते ८ ग्रॅम, नायलॉन सुमारे ४ ग्रॅम आणि पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.

विमानात पाऊस नसतो, मग या आकड्यांचा उपयोग काय? उपयोग विमानात शिरण्याआधी होतो. भोरहून मुंबईचा विमानतळ म्हणजे मोटारीने चार-पाच तास. मग सामान उतरवणे, ढकलगाडी लोटणे, रांगा. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. तो बनियनमध्ये आणि पोलक्यात साठून राहतो. आपण तसेच विमानात जाऊन बसतो. तिथली कोरडी हवा तो घाम भराभर उडवू लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. कपड्यांत १०० ग्रॅम घाम मुरला असेल तर तो उडायला २,४०,००० ज्यूल हवेत. बसलेल्या माणसाचे शरीर एवढी उष्णता ४० मिनिटांत तयार करते. यातली सगळीच उष्णता शरीरातून जात नाही, थोडी भोवतालची हवाही देते. तरी बाईंना हुडहुडी का भरली, हे या हिशेबावरून लक्षात यावे. सूत घाम चांगला शोषते, पण तो धरून ठेवते आणि हळूहळू वाळते. त्या दिवशी सुती कपड्याचा गुणच बाईंना बाधला.

यावर उपाय अगदी सोपा आहे. हातातल्या पिशवीत कोरडा बनियन किंवा पोलके ठेवावे आणि विमानात चढण्यापूर्वी विमानतळावरच बदलावे.

उलट पॉलिएस्टर आणि नायलॉन ओलावा धरत नाहीत म्हणून लवकर वाळतात. पण कोरड्या हवेत त्यांच्या घर्षणाने स्थिर विद्युतभार साठतो. तो वाहून न्यायला तंतूत ओलावाच नसतो. हिवाळ्याच्या रात्री स्वेटर काढताना होणारी चडचड विमानातही अनुभवाला येते. अपाय काही नाही, पण साडी पायांना चिकटत राहते आणि धातूला हात लावला की झटका बसतो.

कोरड्या हवेबद्दल एक गैरसमजही दूर करू. तिच्यामुळे नाक, ओठ आणि डोळे कोरडे पडतात हे खरे. पण तिच्यामुळे शरीरातून जाणारे जादा पाणी थोडेच असते. प्रवाशाच्या शरीरात पाण्याची ओढ पडते, ती बहुधा त्याने पाणी पिण्याचेच टाळल्यामुळे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

नाडीचे गणित

आता दाब पाहू. वेफर्सचे बंद पाकीट गडावर नेले की फुगते, हे मुलांनी पाहिलेले असते. पोटातल्या वायूचेही तसेच होते. समुद्रसपाटीवरून २४०० मीटरच्या दाबावर जाताना बंदिस्त वायूचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढते. त्यामुळे घरून निघताना नीट बसलेला कमरपट्टा किंवा परकराची नाडी विमानात आवळू लागते.

नाडी किती आवळते, हे आकड्यांत काढता येते. गोल वस्तूभोवती पट्टा ताणला, तर पट्ट्याखालचा दाब म्हणजे ताण भागिले (पट्ट्याची रुंदी गुणिले त्रिज्या). समजा कमरेची त्रिज्या १४ सेंटिमीटर आहे आणि नाडी १० न्यूटन ताणाने, म्हणजे साधारण एक किलो वजन टांगल्याइतकी ओढून बांधली आहे. नाडी ५ मिलिमीटर रुंद असेल तर दाब येतो सुमारे १४,३०० पास्कल, म्हणजे १०७ मिलिमीटर पारा. त्याच ताणाने ३० मिलिमीटर रुंदीचा पट्टा बांधला तर दाब येतो फक्त १८ मिलिमीटर पारा. त्वचेच्या केशवाहिन्यांतला रक्ताचा दाब साधारण १५ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. बारीक नाडीखाली त्या दाबल्या जातात, रुंद पट्ट्याखाली बहुतांशी मोकळ्या राहतात. संध्याकाळी परकर सोडल्यावर कमरेवर दिसणारा वळ हा या गणिताचा पुरावाच.

या वळाचा इतिहास वैद्यकातही आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळले गेल्याने तिथल्या त्वचेला कर्करोग झालेल्या रुग्णांचे वर्णन त्यात होते. परकराच्या नाडीखाली असाच त्रास झालेल्या दोन स्त्रियांची माहिती वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केली. असे रुग्ण अगदी विरळा. हा एका प्रवासाचा नव्हे, अनेक वर्षांच्या घर्षणाचा परिणाम असतो. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी आणि बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी हा धडा प्रवासापुरताच नाही, रोजचाही आहे.

पोटरीचा पंप

आता बाईंच्या सुजलेल्या पायांकडे येऊ. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. त्याचा दाब होतो सुमारे ९० मिलिमीटर पारा. बसलेल्या माणसात स्तंभ आखूड होतो, तरी घोट्याशी ६० मिलिमीटरच्या आसपास दाब राहतोच. एवढ्या दाबाविरुद्ध रक्त वर चढते कसे? चालताना पोटरीचे स्नायू आकसतात, आतल्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. नीलांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस चालत असताना घोट्याजवळचा नीलांमधला दाब ९० वरून तीस किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणूनच पोटरीला दुसरे हृदय म्हणतात.

तासन् तास बसून राहिले की हा पंप बंद पडतो. रक्तातला द्रव केशवाहिन्यांतून झिरपून पाय सुजतात. ही सूज बहुधा निरुपद्रवी असते आणि चालू लागले की ओसरते. पण संथ वाहणाऱ्या रक्तात क्वचित गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, तर जिवावर बेतते.

हा धोका विमानांच्या आधीपासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव होत असताना लोक तळघरांतल्या आश्रयस्थानांत रात्र रात्र आरामखुर्च्यांवर बसून काढत. फुप्फुसात गुठळी अडकून होणारे अचानक मृत्यू तिथे वाढल्याचे डॉ. कीथ सिम्पसन यांच्या लक्षात आले आणि १९४० साली त्यांनी ते नोंदवले. खुर्चीच्या पुढच्या कडेचा दांडा मांडीखाली रुतून नीला दाबत होता. विमानप्रवासानंतर झालेल्या गुठळीची नोंद पुढे १९५४ साली अमेरिकेत डॉ. जॉन होमन्स यांनी केली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली यासंबंधीच्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. चार तासांहून अधिक काळ सलग बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. मुळात धोका लहान आहे. दुप्पट होऊनही तो साधारण सहा हजारांत एक इतकाच. शिवाय तो एकट्या विमानाचा नाही. मोटार, बस आणि आगगाडी यांनाही तो लागू आहे. म्हणजे भोरहून मुंबईपर्यंतचे चार-पाच तासही या हिशेबात धरायला हवेत.

कपड्यांचा येथे दुहेरी संबंध आहे. पहिला थेट. गुडघ्याखाली किंवा मांडीवर आवळणारा कपडा सिम्पसन यांनी पाहिलेल्या दांड्याचेच काम करतो. तंग जीन्स, घट्ट चुडीदार, मोज्याच्या वरच्या टोकाचे करकचून बसणारे इलॅस्टिक ही त्याची उदाहरणे.

याउलट एक प्रकारचा घट्ट मोजा उपयोगी पडतो. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण भोरच्या मुलांनी पाहिलेलेच असते. धरणाची भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती का, हे ती भूगोलाच्या तासाला शिकतात. पाण्याचा दाब तळाशी सर्वांत जास्त असतो म्हणून. पायातल्या रक्ताचेही तसेच आहे. म्हणून वैद्यकीय दाबमोजा घोट्याशी सर्वांत घट्ट असतो आणि वर जाताना हळूहळू सैल होतो. विमानप्रवाशांवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर असे दिसले आहे की या मोज्यांनी लक्षणे न दाखवणाऱ्या गुठळ्या कमी होतात आणि सूजही कमी येते. पण हे मोजे मापाचेच असायला हवेत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी किंवा पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घालू नयेत. पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगावर उपचार घेणारे आणि गर्भवती स्त्रिया यांनी तर प्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा.

कपड्यांचा दुसरा संबंध आडून येतो आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. ज्या कपड्यात उठणे, दोन आसनांमधून सरकणे आणि अरुंद शौचालयात वावरणे जिकिरीचे, तो कपडा घातलेला माणूस उठायचेच टाळतो. उठायला नको म्हणून पाणी पीत नाही. पाणी पीत नाही म्हणून उठण्याची गरज पडत नाही. बाईंचे नेमके हेच झाले. त्यांची साडी कुठेही आवळत नव्हती, तरी तिने त्यांना सोळा तास खिळवून ठेवले. तेव्हा प्रवासाचा कपडा पारखताना "यात बसायला बरे वाटते का?" यापेक्षा "यात सहज उठता येते का?" हे आधी विचारावे.

थोडा आणीबाणीचाही विचार

विमानाला अपघात क्वचितच होतो, पण कपडे निवडताना त्याचा विचार करायला खर्च काही येत नाही. निम्मी दारे बंद असली तरी सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे विमानाला परवानगी मिळण्याआधी दाखवून द्यावे लागते. बाहेर पडायचे ते फुगवलेल्या घसरगुंडीवरून. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळते आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटून खोल भाजतो. सूत जळते, पण वितळत नाही. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा विझते. म्हणून अंगालगत सुती आणि वरून लोकरीचा कपडा असावा. विमान उडताना आणि उतरताना पायांत बंद, सपाट बूट किंवा पट्ट्याच्या चपला असाव्यात.

मग काय घालावे?

आता बाईंच्या प्रश्नाला नीट उत्तर देता येईल. अंगालगत मऊ सुती कपडा आणि त्याचा एक कोरडा जोड हाताशी. त्यावर सैल सलवार-कुर्ता किंवा सदरा-पायजमा, कमरेला नाडीऐवजी रुंद, सैल इलॅस्टिक. त्यावर पुढून उघडणारा पातळ स्वेटर आणि झोपताना पांघरायला लोकरीची शाल. पायांत सैल मोजे किंवा डॉक्टरांनी सांगितले असल्यास मापाचे दाबमोजे. पादत्राणे अशी की पाय सुजल्यावर पट्टा सैल करता यावा.

ज्यांनी जन्मभर साडीच नेसली, त्यांना सलवार-कुर्त्याचा संकोच वाटतो. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. अवघडलेले मन हीदेखील गैरसोयच आहे. त्यांनी हलकी, आखूड, थोडी उंच नेसलेली सुती साडी, नाडीच्या जागी रुंद पट्टीचा परकर आणि पदर खोचायला एक पिन एवढे जरी केले तरी चालेल. नऊवारीत पाय मोकळे राहतात, चालणे सोपे होते. पण विमानातल्या शौचालयात कासोटा सोडून पुन्हा घालणे कठीण, हे आधीच लक्षात घ्यावे. कोणताही पोशाख असो, घरी तो घालून एकदा न्हाणीघरासारख्या अरुंद जागेत वावरून पाहावे. आणि दर तास-दीड तासाने उठून चालावे. उठता आले नाही तर बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलून पोटरीचा पंप हलवावा.

वर्गात करून पाहा

घोंगडी, सुती कापड आणि पॉलिएस्टर यांचे सारख्या वजनाचे तुकडे उन्हात चांगले वाळवून प्रयोगशाळेच्या तराजूवर तोला. मग ते पावसाळी हवेत, पण पावसात न भिजवता, दोन दिवस टांगून पुन्हा तोला. कोणाचे वजन किती वाढले याचा तक्ता मुलांना करू द्या.

ओल्या आणि कोरड्या गोळ्याच्या तापमापकाने वर्गातली सापेक्ष आर्द्रता जुलैत आणि फेब्रुवारीत मोजा. दोन्ही आकडे विमानातल्या १० ते २० टक्क्यांशेजारी मांडा.

पाण्याने भरलेल्या फुग्याभोवती आधी बारीक सुतळी आणि मग रुंद फीत सारख्याच ताणाने बांधा. ताण सारखा ठेवण्यासाठी दोन्ही वेळा एकच वजन टांगा. कोणती अधिक रुतते ते पाहून वरचे सूत्र मुलांकडूनच काढून घ्या.

शेवटी एक गृहपाठ द्या. "आजी सोळा तासांच्या विमानप्रवासाला निघाली आहे. तिची पिशवी भरा आणि प्रत्येक कपड्यापुढे तो का घेतला ते एका वाक्यात लिहा." उत्तरे लिहिण्याआधी मुलांनी घरच्या आजीला तिच्या अडचणी विचाराव्यात अशी अट घाला. हवेचा दाब आणि बाष्पाचे गणित आम्हाला येत होते. बाईंना मात्र आम्ही त्यांची अडचण विचारली नव्हती.

बाई पुढच्या वर्षी पुन्हा मुलीकडे निघाल्या आहेत. या वेळी त्यांनी काय घालू असे विचारले नाही. कपड्यांची यादी त्यांनी स्वतःच केली आणि आमच्याकडे तपासायला पाठवली. तिच्यात पहिली ओळ होती, "कोरडे पोलके, हाताशी." शेवटची होती, "पाण्याची बाटली, आणि ती रिकामी करायची."